काकांचा पत्र्यावरचा हात

माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीच्या अंगावरून हात फिरवणारा मनुष्य साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी चुलत सासरा म्हणून आला. लग्न होऊन चाकणजवळच्या या गावात मी पहिल्यांदा आले, तेव्हा फुलांनी सजवलेल्या गाडीतून उतरायला पाय बाहेर काढला, तर ओवाळायचं ताट घेतलेल्या सासूबाई राहिल्या मागेच, त्यांच्या पुढे पांढऱ्या टोपीतला एक उंच, वाळका म्हातारा गाडीच्या दारावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा! मला वाटलं, असेल बाई यांच्याकडचा काही विधी. लग्नात विधींना काय तोटा! मी आपली अर्धी आत, अर्धी बाहेर, शालू सावरत बसून राहिले. मग म्हाताऱ्याने डोळे उघडले, खिशातून खडू काढला, दारावर मुठीएवढा गोल काढला आणि माझ्याकडे बघून अत्यंत मायेने म्हणाला, "ये सूनबाई, सांभाळून उतर. दाराला डेंट हाय." गाडी भाड्याची होती. ड्रायव्हरचं तोंड त्या वेळी जे उघडलं, ते आमची वरात आत गेली तरी मिटलं नव्हतं.

हे आमचे काका. पिंपरीच्या एका मोटारींच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. काम एकच: दाबयंत्रातून बाहेर आलेल्या पत्र्यावरून पातळ सुती हातमोजा घालून हात फिरवायचा. दार असो, छप्पर असो, बॉनेट असो, डोळ्यांना आरशासारखा दिसणारा पत्रा कुठे केसभर दबलाय किंवा उचललाय, हे त्या तळहाताला कळायचं. कळलं की खडूने गोल. गोल काढला की तो नग बाजूला, आणि मग हातोडीने ठोकून सरळ करणाऱ्यांकडे. काका ठोकायलाही तयार असत, कारण ते मुळात त्याच कामावर लागले होते. गावची जमीन हळूहळू कारखान्यांखाली गेली, भाऊबंदांनी खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या, काकांनी मात्र सायकलवरून पिंपरी गाठली आणि पत्र्याशी लग्न लावलं. हे वाक्य माझं नाही, आमच्या चुलत सासूबाईंचं आहे. "माझ्याकडं न्हाई कधी येवढं निरखून बघितलं," असं काकू चारचौघांत सांगतात, आणि काका त्यावर शांतपणे म्हणतात, "तुझ्यात काढायजोगं काय सापडलंच न्हाई." आता यावर बायकोने रागवावं की लाजावं?

रिटायर झाल्यावर माणसं हरिपाठ धरतात, शेजाऱ्यांच्या भानगडी बघतात. काकांनी खडू सोडला नाही. आळंदीला आमच्या एका भाचीचं लग्न होतं. इकडे मंगलाष्टकं चाललेली आणि काका कार्यालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये. एकेक गाडी तपासत, गोल काढत ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. कुणीतरी पाणी प्यायला बाहेर आला, त्याला आपल्या गाडीवर खडूच्या खुणा दिसल्या, आणि त्याने आत येऊन बातमी दिली की पोलिसांनी गाड्या उचलायला खुणा केल्यात! झालं! "शुभ मंगल" आणि "सावधान" यांच्या मधल्या जागेत अर्धा मांडव उठला. मुठीत अक्षता तशाच धरून, कुणी फेटा सावरत, कुणी एकाच पायात चप्पल घालून गाड्यांकडे धावत सुटला. भटजी हात वर धरून तसेच उभे. मी बाहेर जाऊन बघते तर काका एका पुढाऱ्याच्या कोऱ्या करकरीत, घराएवढ्या गाडीच्या बॉनेटवर गोल काढतायत आणि तो पुढारी आ वासून बघतोय. "काय करताय राव?" तो कसाबसा म्हणाला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमाला फसवलंय. हितं ठोकून रंग मारलाय." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. गंमत म्हणजे पुढे त्या पुढाऱ्याने शोरूमवाल्याला बोलावून खडसावलं, आणि गाडी गोदामात आपटली होती हे त्याने कबूल केलं. तेव्हापासून तो पुढारी आमच्या गल्लीतून गेला की काच खाली करून काकांना नमस्कार करतो.

माझ्या नणंदेला बघायला मंडळी आली तेव्हाचं तर विचारूच नका. मुलगा पुनावळ्याला राहणारा, हिंजवडीत कामाला, दिसायला बरा, बोलायला मऊ. पोहे झाले, सरबत झालं, त्याच्या वडिलांनी "आत्ताच नवी गाडी घेतली पोराने" हे तीनदा सांगून झालं. काका उठून बाहेर गेले तेव्हाच मी ओळखलं, आता खडू निघणार. मी ह्यांना खूण केली, "जा, धरा त्यांना," पण आमचे हे म्हणजे दगड! दहा मिनिटांनी काका आत आले, चटईवर मांडी घातली आणि सरळ मुलाला विचारलं, "डाव्या मागल्या दाराला पुट्टी कशी काय?" मुलाच्या आईने कपबशी खाली ठेवली. मुलगा लालबुंद झाला, खाली बघून म्हणाला, "जुनीच घेतलीय, काका. बाबांना सांगितलं नव्हतं मी." त्याच्या बाबांना हे आमच्या घरात, आमच्या पोह्यांवर कळलं! मी कपाळाला हात लावला, गेलं स्थळ म्हटलं. आणि काका काय म्हणाले असतील? म्हणाले, "विचारल्याबरोबर खरं बोलला. पोरगा आपल्याला पसंत हाय." त्याच मुलाशी नणंदेचं लग्न झालं. तो आता दर दिवाळीला गाडी आधी काकांपुढे उभी करतो आणि मगच फराळाला बसतो.

पण खडूचं एक वेळ सहन होईल. काकांचं खरं वेड त्याच्याही पलीकडचं. त्यांचं ठाम मत असं की मोटारीचा शोध लागल्यावर पहिली पंचवीस-तीस वर्षं माणूस शहाणा होता, आणि त्यानंतर जे काही झालं ती निव्वळ पत्र्याची नासाडी. त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे. रद्दीतून, जुन्या कॅलेंडरांवरून, कारखान्यातल्या परदेशी माहितीपत्रकांतून कापलेली शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्यांची चित्रं तिच्यात खळीने चिकटवलेली. पाहुणा आला की चहाच्या आधी वही. "ही बघा," काका सुरू करतात, "ही पयली. टांगाच हाय, फकस्त घोडा सोडल्याला. माणूस वर उघड्यावर बसायचा. दार न्हाई, काच न्हाई, छप्पर न्हाई." पुढच्या पानावरच्या गाडीला दार एकच, आणि तेही पाठीमागे! मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला विश्वासच बसेना. "मागून चढायचं? आपल्या टमटमसारखं?" "मंग! बाया फुडून चढल्या तर लुगडं चाकात जाईल का न्हाई?" मग बाजूला दारं आली, वर कापडी हूड आलं, समोर काच आली. चाकांवर मडगार्डं, पण अंगापासून सुटी. मडगार्डांच्या मधे लाकडी पायरी. समोर परातीएवढे दोन दिवे, त्यांत आधी गॅस जळायचा, मग वीज आली. त्याच्या पुढच्या एका पानावर अशी गाडी आहे की मालक मागे काचेच्या खोलीत आणि ड्रायव्हर समोर उघड्यावर. हे पान काका फक्त निषेध करायला उघडतात. "पावसात ह्यो भिजणार आन् त्यो आत बसून बघणार! लाज वाटाया पायजे बनवणाऱ्याला."

मग वहीचा उत्तरार्ध, आणि तो ते दुखवट्याच्या आवाजात वाचतात. लाकडी सांगाडा गेला, सगळं पोलाद आलं. छप्पर कायमचं बसलं. "मडगार्ड पोटात गेलं. पायरी गेली. दिवे गालात रुतले. अंग सगळं गोल झालं, मंग चौकोनी झालं, मंग परत गोल झालं. आन् आता?" इथे ते वही मिटतात आणि खिडकीतून बाहेर हायवेच्या दिशेला हात करतात. "आता समद्या गाड्यांची तोंडं रागावल्याली. दिवे न्हाईत ते, डोळे वटारल्यात. रस्त्यानं चाललं की वाटतं आपुनच कायतरी चूक केली." आमच्या ह्यांनी हौसेने उंच, काळी गाडी घेतली, पेढे वाटले, तर काकांनी तिच्या चारी बाजूंनी फेरी मारली आणि हळहळून विचारलं, "हिला झालंय काय? चिडलीय कशावर?" ह्यांनी तीन दिवस काकांशी बोलणं टाकलं होतं. आणि खरं सांगते, मला आता रोज कंपनीच्या बसमधून तळेगाव चौकात अडकलं की सगळ्या गाड्या चिडलेल्याच दिसतात. एकदा मनात भरलं की जात नाही हो.

माणसांनाही काका गाड्यांच्याच मापाने मोजतात. जो भडाभडा सगळं सांगतो तो "बिनहुडाचा". जी हसतच नाही ती "काच वर केल्याली". आमच्या ह्यांना ते "पोलादी" म्हणतात, म्हणजे आत-बाहेर एकच पत्रा, मधे हवा खेळायला जागा नाही. मला त्यांनी काय नाव दिलंय हे मी पुष्कळ दिवस विचारलं नाही. शेवटी विचारलं, तर म्हणाले, "तू सुट्या मडगार्डाची." मी भडकले. "म्हणजे काय?" "म्हंजी चिखल उडाला तर मडगार्डावर घेतीस. आतल्या माणसावर येऊ देत न्हाईस." मी आत गेले आणि उगाचच भांडी घासली.

आता मुख्य गोष्ट. घराच्या मागे आमची कांद्याची चाळ होती. कांदा पिकवण्याएवढं रान उरलं नाही, म्हणून चाळ रिकामी पडली, आणि काकांनी तिच्यात गाडी बांधायला घेतली. खरोखरीची! एका भंगारवाल्याकडून जुन्या जीपचा सांगाडा आणि इंजिन आणलं, आणि त्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीची बॉडी. चौकट बाभळीची, बैलगाडीला लावतात तशी. तिच्यावर पत्रा हाताने ठोकून वाकवलेला. पुढे दोघांची बैठक, वर कापडी हूड, सुटी मडगार्डं, लाकडी पायरी, रबराचा भोंगा. आणि पाठीमागे शेपटीत एक झाकण, जे उचललं की आत आणखी दोन माणसांची गादी. त्या काळी अशी बैठक असायची म्हणे. हे काकांनी आमच्या थोरल्या आत्यांना फोनवर समजावलं, "तुमाला डिकीत बसवून देवाला नेतो," आणि आत्यांनी फोन ठेवून रडारड केली की भाऊ मला सामान समजतो. पोरांनी विचारलं, ही गाडी रस्त्यावर चालेल का? काका म्हणाले, रस्त्यावर जायचंच न्हाई. आपल्या दारातून आपल्याच रानातल्या वाटेनं मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, काकूला पुढे बसवायचं आणि परत यायचं. येवढंच. त्या येवढ्याशासाठी काका वर्षानुवर्षं चाळीत ठोकत बसले. अजूनही त्या गाडीला कांद्याचा वास येतो. माझी सणाची साडी एकदा तिथे अडकली, ती मी आजतागायत वेगळी धुते.

आणि मी हसते खरी, पण माझी भाकरी त्याच हातावर उभी आहे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा चाकणच्या एका कंपनीत पत्रा तपासायला बायका घेणार असं कळलं. मी बीकॉम, पत्र्याशी संबंध फक्त डब्यांपुरता. काका म्हणाले, "पंधरा दिवस दे मला." रोज दुपारी स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलची परात उपडी घालायची, मी डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचा. काका मागून पराती बदलायचे. "बोटानं न्हाई, तळव्यानं. दाबू नको. मांजराच्या पाठीवरून फिरवतीस तसा." मी म्हणायची, दिसतंय की सरळ आहे. ते म्हणायचे, "डोळा उजेडावर जातो. फसतो. हात फसत न्हाई." बाराव्या दिवशी मला परातीतला एक दाबलेला ठिपका हाताला लागला, आणि मी ओरडले. काकू धावत आल्या, त्यांना वाटलं विंचू चावला. मुलाखतीत साहेबाने दारांच्या दोन पत्र्यांवरून हात फिरवायला लावला, मी डोळे मिटले, एकावरचा दाब नेमका दाखवला, आणि त्याने चकित होऊन विचारलं, "मॅडम, आधी कुठं केलंय का हे?" मी सांगितलं, "ओट्यावर." आज माझ्या हाताखाली दोन पाळ्यांच्या मुली शिकतात. नोकरी लागली त्या दिवशी काकांनी एकच गोष्ट बजावली होती: "वाईट नग पास करायचा न्हाई. कोणाच्याबी तोंडाकडं बघून न्हाई. साहेबाच्या न्हाई, देवाच्या न्हाई."

गेली दोन-तीन वर्षं काकांचा आणखी एक पराक्रम घरात गाजत होता. उकळतं चहाचं पातेलं ते फडका न घेता, नुसत्या हाताने चुलीवरून उचलायचे. पोरं टाळ्या वाजवायची. काकू ऐटीत सांगायच्या, "पत्र्याचा माणूस हाय, त्याला काय व्हतंय?" मीही पाहुण्यांना दाखवायला एकदा मुद्दाम पातेलं उचलायला लावलं होतं. आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

यंदा गणपती गेले आणि काकांनी जाहीर केलं की गाडी तयार. दसऱ्याला झेंडूची माळ घालून बाहेर काढायची. पण एक अट, आणि ती त्यांनी पारावर बसून साऱ्या गावाला सांगितली: "सूनबाई तपासणार. तिनं पास केली तर भायेर. न्हाई केली तर भंगारात." गावात चर्चा सुरू झाली. भाजीवालीसुद्धा विचारायची, "ताई, गाडी पास का?" रविवारी मी कंपनीतला सुती मोजा घेऊन चाळीत गेले. काका नवा सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखे कोपऱ्यात स्टुलावर. गाडीला नुसता खालचा करडा रंग दिलेला, वरचा हिरवा अजून द्यायचा होता.

मी डाव्या बाजूने सुरू केलं. काय सांगू! सायीवरून हात फिरवावा तसं. मडगार्डाचा बाक, दाराचं पोट, शेपटीचा उतार, कुठे म्हणून हात अडखळला नाही. कारखान्यातली यंत्रं झक मारतात. मी काकांकडे बघून हसले, ते लाजले. मग मी उजवीकडे आले. मडगार्डावर हात ठेवला आणि मला वाटलं मोज्यात काहीतरी गेलंय. मोजा झटकला, पुन्हा ठेवला. हाताखाली सगळी ढेकळं. दारावर लाटा. शेपटीवर खड्डा, त्याच्या शेजारी उंचवटा, नवशिक्यानेसुद्धा सोडला नसता असा. डावी बाजू पाचेक वर्षांपूर्वीची, उजवी या दोन वर्षांतली. आणि एकदम ते चहाचं पातेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं. पराक्रम कसला! त्या हाताला काही कळतच नव्हतं. साखरेचा आजार त्यांना कित्येक वर्षांचा. ज्या तळहाताने पुढाऱ्याचं बॉनेट ओळखलं, नणंदेचा नवरा निवडला, मला नोकरी दिली, तो तळहात गेला होता, आणि आम्ही सगळ्यांनी बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

"काय गं?" काकांनी विचारलं. खडू माझ्या दुसऱ्या हातात होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, जे बघायचं नाही असं त्यांनीच शिकवलं होतं. आणि म्हणाले, "ओके आहे काका. पास." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग तसेच बाहेर गेले आणि काकूंना हाका मारायला लागले. संध्याकाळपर्यंत गावभर पेढे.

दुसऱ्या दिवशी कंपनीत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका मुलीने तपासलेला नग मी उचलला, त्यावर बारीक दाब होता, तिने सोडला होता. मी तिला रागवायला तोंड उघडलं आणि नग तसाच तिच्या हातात परत दिला. कोणत्या तोंडाने रागवू? सुटी झाल्यावर बसमधून उतरले ती घरात न जाता तडक चाळीत गेले. काका हिरव्या रंगाचा डबा उघडत होते. मी पर्स खाली टाकली, खडू घेतला आणि उजव्या बाजूवर गोल काढायला लागले. एक, दोन, पाच, दहा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी गोल काढत होते. दार संपलं, मडगार्ड संपलं, शेपूट संपली. करड्या रंगावर पांढरे गोलच गोल. मागे वळायची माझी छाती होईना.

"झालं का?" पाठीमागून आवाज आला.

"झालं."

"किती?"

"तेवीस." मग मला राहवलं नाही. "काका, काल मी खोटं बोलले. मला माफ करा. तुमच्या हाताला..."

"ठावं हाय," काका म्हणाले. मी वळून बघितलं तर ते शांत बसलेले, डबा पुन्हा बंद केलेला. "दोन वर्सं झाली. आदी बोटं गेली, मंग तळवा. डाक्टर म्हनला नसा गेल्यात, आता परत येत न्हाईत. मी म्हनलं पत्रा तर दिसतोय, डोळ्यानं करू. पर डोळा फसतो गं." टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मला वाटत व्हतं कायतरी चुकतंय. कोणाला इचारू? काकू म्हनते झ्याक. पोरं म्हनत्यात झ्याक. म्हून तर तुला बलिवलं. काल तू पास म्हनलीस, मला वाटलं देवानं हात परत दिला." मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. काका उठले, माझ्या हातातून खडू घेतला आणि खिशात ठेवला. "आज खरं बोललीस. आता परत कंदी खोटं बोलू नको माझ्याशी. मला दुसरा हात न्हाई."

मग दसऱ्यापर्यंत मी रोज पाळी संपली की चाळीत. मी मोजा घालून पत्र्यावर हात ठेवायची आणि सांगायची, "इथे, अजून जरा वर, जरासं डावीकडे," काका मागून लोखंडी ठोकळा धरून हातोडी मारायचे. घाव घालायला त्यांचा हात अजून पक्का, फक्त पडला कुठे हे त्यांना कळायचं नाही. "गेला?" "नाही, थोडा राहिला." "आता?" "आता गेला." भांडणंही झाली. मी घाई केली की म्हणायचे, "कंपनीची बस सुटलीय का तुझी?" काकू दारात बसून लसूण सोलत आणि आम्हा दोघांना शिव्या घालत. एकेक गोल पुसला जात होता. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा झाली, माझ्या हातात नारळ दिला, आणि मी तो घरी आणून काकांच्या हातोडीपुढे फोडला. त्या दिवशी तेविसावा गोल पुसला. काका म्हणाले, "पास?" मी डोळे मिटून उजव्या बाजूवरून पुरता हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. "पास," मी म्हणाले.

दसऱ्याला हिरवी गाडी कांद्याच्या चाळीतून बाहेर आली तेव्हा सगळं गाव जमलेलं. पुढारी आला होता, जावई आला होता, भाजीवाली आली होती. गाडी हँडल मारून सुरू झाली आणि तिने एवढा धूर सोडला की थोरल्या आत्या दिसेनाशा झाल्या. काकू नऊवारी नेसून पुढे बसल्या, इतक्या ताठ की जणू रोज जातात. मी मागच्या झाकणात, डोक्यावर आभाळ, मांडीवर झेंडूचं तबक. देवळापर्यंत गेलो, प्रदक्षिणा घातली, परत आलो. अंतर ते किती, पण काका वाटेत भोंगा वाजवत होते आणि मधे मधे मान वळवून विचारत होते, "सूनबाई, बरी चालतीय का?" मी म्हणायची, बरी चालतेय. आणि चालतच होती.

दारात आल्यावर सोनं द्यायला मी आपट्याची पानं घेतली आणि वाकून काकांच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वादाला हात खाली आणला. तो माझ्या डोक्यावर पुरता टेकला, जड, गरम, नेहमीसारखा. मी उठायला लागले तरी हात हलेना. वरून हळूच आवाज आला, फक्त मला ऐकू येईल एवढा.

"टेकला का गं?"

"टेकला, काका," मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी तो आणखी जरा वेळ तसाच राहू दिला.